आर्सची वाट आणि यवतची टेकडी

गेल्या काही वर्षांत फ्रान्सच्या ग्रामीण भागाची प्रवासवर्णने आपल्या नियतकालिकांतून वारंवार वाचावयास मिळू लागली आहेत. लूर्दची यात्रा करून आलेला भाविक वाटेत आर्स पाहतो, जमल्यास लिझ्यूला जाऊन येतो, ल्वार नदीकाठचे एकदोन राजवाडे त्याला सहलीच्या बसमधून दाखवले जातात, आणि घरी परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो लेखणी हाती धरतो. हे लेखन मराठीत होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. तथापि कौतुकाच्या भरात या लेखनाचे वाङ्मय म्हणून परीक्षण करण्याचे आपण टाळत आलो आहोत. प्रस्तुत लेखात ते थोडेबहुत करावे असा विचार आहे. मात्र त्यासाठी आम्ही फ्रान्सला जाणार नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपर्यंतच जाणार आहोत. का, ते पुढे कळेल.

प्रथम गुणाची बाजू. या लेखांतील आर्सचा भाग बहुधा चांगला उतरतो. संत जॉन व्हियानी १८१८ च्या फेब्रुवारीत या खेड्याचे धर्मगुरू म्हणून पायी निघाले आणि वाट चुकले, तेव्हा मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाने त्यांना गाव दाखवले. गावाबाहेर त्या भेटीचे स्मारक आहे. आर्सची वस्ती त्या वेळी अवघी सव्वादोनशेच्या आसपास होती. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखकांना या जागी नेमके शब्द सापडतात. वाक्ये लहान होतात, विशेषणे गळून पडतात. तोच लेखक पुढे ल्वारच्या काठी पोचला की 'नयनरम्य', 'विलोभनीय', 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' यांची रांग लागते. द्राक्षमळ्यांचा 'हिरवा गालिचा' आजवर किती वेळा अंथरला गेला याची मोजदाद आम्ही केव्हाच सोडून दिली. एकाच माणसाच्या लेखणीत दहा ओळींच्या अंतराने हा फरक का पडावा? आम्हांला सुचणारे उत्तर साधे आहे. आर्सच्या माळावर कोण उभे होते, ते कोणत्या दिशेने आले, कोणाशी बोलले, हे लेखकाला ठाऊक असते. ल्वारकाठी यांतले काहीच ठाऊक नसते. दृश्य दोन्हीकडे असते. ओळख एकीकडेच असते, आणि ओळख नसली की माणूस विशेषणांचा आधार घेतो.

फ्रान्समधील खेड्यापाड्यांत उंचवट्यावरच्या मोक्याच्या जागी एक वस्तू हमखास आढळते. कमरेएवढा दगडी कट्टा आणि त्यावर एक तबकडी. तबकडीवर बाण कोरलेले असतात: अमुक दिशेला अमुक डोंगर, त्याची उंची इतकी, त्या झाडीमागे मठ, नदीच्या वळणावर जुने गाव. १८९० मध्ये स्थापन झालेल्या 'तूरिंग क्लब द फ्रान्स' या संस्थेने अशा दिशांच्या तबकड्या देशभर बसवण्याचे काम केले. पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे एवढेच ती तबकडी सांगत नाही. काय पाहतो आहोत हे सांगते. आमच्या प्रवाशांपैकी काहींनी या तबकडीशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली आहेत. तिच्यावर काय कोरले होते ते मात्र कोणी लिहिलेले नाही.

ही तबकडी आपोआप उगवलेली नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. प्रॉस्पेर मेरिमे या कथालेखकाची १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक म्हणून सरकारने नेमणूक केली. पुढे ज्याची 'कार्मेन' जगभर गाजली तोच हा लेखक. तो वही घेऊन प्रांतोप्रांती हिंडला. देवळे, पडके मठ, गळकी छपरे पाहून त्याने टिपणे केली आणि ती छापली. व्हेझले येथील टेकडीवरचे मरिया माग्दालेनेचे बाराव्या शतकातील भव्य मंदिर तेव्हा कोसळण्याच्या बेतात होते. मेरिमेच्या आग्रहाने १८४० मध्ये व्हिऑले-ल-द्यूक या सव्विशीतल्या वास्तुविशारदाकडे ते काम सोपवले गेले. आज मराठी यात्रेकरू व्हेझलेच्या टेकडीवर उभा राहून सुस्कारा सोडतो, त्यामागे एका लेखकाची पायपीट आहे. प्रवासलेखन हे प्रवासानंतरचे काम, असे आपण समजतो. तेथे ते आधीचे काम होते.

आणखी एक लहानसे गाऱ्हाणे. आपल्या या लेखांत फ्रेंच भाषेतील 'बोंजूर' आणि 'मेर्सी' यांपलीकडे शब्द सापडत नाही. उलट दिशेने आलेला एक प्रवासी यासंदर्भात आठवतो. एत्येन द ला क्रुआ हा फ्रेंच येशूसंघीय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात राहिला आणि त्याने संत पीटरच्या जीवनावर मराठी ओव्यांत पुराण रचले. त्यातील परधर्मखंडनाचा सूर आज आपल्याला रुचणार नाही. पण परक्या भूमीच्या भाषेला किती वेळ द्यावा लागतो, याचा तो ग्रंथ म्हणजे पुरावाच होय.

आता घराकडे वळू. या यात्रालेखकांत वसईकर आहेत, पुणेकर आहेत, नगरकडचे आहेत. दौंडच्या रेल्वे कुटुंबांतले आणि शिरूरकडचेही काही आहेत. त्यांच्या लेखांत दौंडचा उल्लेख एकदाच येतो. पहाटे सामान चढवले, गाडी सुटली. बस्स. पुढचे वाक्य विमानतळावर सुरू होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली विलायतेच्या आणि फ्रान्सच्या वर्णनाला घरगुती विनोदाची जी रीत घालून दिली, तिची छाया आजही या लेखांवर आहे. पण 'अपूर्वाई'तला प्रवासी आपले घर खांद्यावर घेऊन हिंडतो. त्याच्या अनुकरणात विनोद उरला आणि घर गळाले. गो. नी. दांडेकरांनी सह्याद्रीचे गड पायांनी वाचले व आपल्याला वाचावयास शिकवले. मात्र शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला, सपाट, बाभळीचा मुलूख. येथे कडे नाहीत, धबधबे नाहीत. म्हणून येथे पाहण्यासारखे काही नाही, हा समज पक्का झाला. आम्हीही या दोषातून मुक्त नाही. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे दिशा बदलते, एवढीच आमची दौंडची ओळख कित्येक वर्षे होती. आणि कॉर्ड लाइन झाल्यावर काही गाड्यांना तेवढेही कारण उरलेले नाही.

म्हणून आम्ही एक प्रयोग केला. यवतजवळच्या भुलेश्वराच्या टेकडीवर चढलो आणि तेथे फ्रान्समधल्यासारखी तबकडी असती तर तिच्यावर काय कोरावे लागले असते, याचा विचार करीत बसलो. टेकडी कागदोपत्री पुरंदर तालुक्यात मोडते. पण तिच्यासमोर जे पसरलेले दिसते ते दौंड. सतराव्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने येथे दौलतमंगळ नावाचा किल्ला उभारला. यादवकालीन देऊळ बाहेरून साधे, घुमटांमुळे मशिदीसारखे वाटणारे. आत अंधाऱ्या जिन्याने वर गेले की भिंतींवर भंगलेल्या मूर्तींची दाटी. त्यांत स्त्रीरूपातील गणेशही आहे. बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले की उत्तरेला खडकवासल्याहून आलेल्या कालव्याच्या पाण्यावरचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे करड्या माळांची रांग. गालिचा म्हणण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण जेथे कालवा संपतो तेथे हिरवा रंगही संपतो. तो गालिचा नाही, पाणीवाटप आहे.

तबकडीवरचा पहिला बाण टेकडीच्या पायथ्याशीच, यवतवर. तुकोबांची पालखी पंढरपूरला जाताना येथे मुक्काम करते आणि गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. पुढचा मुक्काम वरवंडला. व्हेझलेहून सान्तियागोला जाणाऱ्या मध्ययुगीन यात्रामार्गाविषयी आमच्या लेखकांनी भारावून लिहिले आहे. तसा मार्ग आपल्या उसाच्या शेतांमधून दरवर्षी चालता असतो. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत; मात्र यवतच्या त्या एका रात्रीतले पिठाचे, चुलींचे, पाण्याचे गणित कोणी मांडल्याचे आम्ही अजून वाचलेले नाही.

दुसरा बाण पूर्वेकडे झुकलेला, केडगावकडे. येथे आम्हांला थांबावे लागेल. कारण मराठीतील प्रवासलेखनाचा एक उत्तम आदर्श या गावात मातीआड झाला आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या, पुढे अमेरिकाभर हिंडल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. शीर्षकातला क्रम पाहावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. समुद्रप्रवास थोडक्यात उरकून बाई राज्यपद्धती, घरसंसार, शाळा, धर्मसंस्था, व्यापार यांकडे वळतात आणि स्त्रियांच्या स्थितीवर सविस्तर लिहितात. यजमानांचे कौतुक करतानाही तेथील मूळ रहिवाशांना व काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्या झाकत नाहीत. देखाव्यांनी दिपून जाण्याचे प्रसंग त्यांनाही आले असतीलच. पण हे पाहून आपण घरी काय करणार आहोत, हा प्रश्न त्यांच्या वाक्यावाक्यामागे उभा दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन परतल्या. रेल्वेलगतच्या केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, मुक्ती सदन उभे राहिले, छापखाना आला, मुली खिळे जुळवू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या १९२२ मधील मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या आपल्या संप्रदायाच्या नव्हत्या, एवढ्याच कारणाने आपल्या वाचकवर्गात त्यांच्या गद्याकडे दुर्लक्ष झाले असेल तर तो आपला तोटा आहे. लूर्दला जाणाऱ्या प्रत्येक लेखकाने जाण्यापूर्वी हे पुस्तक वाचावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. अनुकरणासाठी नव्हे, आपली लेखणी कोठे सैल पडते ते कळावे म्हणून.

आणखी थोडे पूर्वेला, भीमेच्या पलीकडच्या काठावर पेडगावचा बहादूरगड. तो अहिल्यानगर जिल्ह्यात असला तरी दौंडकरांचाच शेजार. नदीकडच्या बाजूने भीमेचे संथ पात्र दिसते; आत यादवकालीन लक्ष्मीनारायणाचे देऊळ. १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजीमहाराजांना औरंगजेबाच्या छावणीत येथे आणले गेले. पुढे छावणी तुळापूरकडे हलली आणि ११ मार्चला त्यांचा वध झाला. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. या जागेविषयी मराठीत लेखन कमी नाही. दोष निराळा आहे. पेडगावला पोचताच लेखक व्याख्याता होतो. नदी, देऊळ, पडकी तटबंदी, सारे त्याच्या आवाजाखाली दबून जाते. वेदनेच्या जागी इतका मोठा आवाज लागत नाही.

याच नदीवर पश्चिमेला कोरेगाव. गाव शिरूर तालुक्यात आणि जयस्तंभ पेरणे हद्दीत, हवेली तालुक्यात. १८१७ चा शेवटचा सूर्य मावळल्यावर कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून निघाली, रात्रभर चालली आणि १ जानेवारी १८१८ च्या सकाळी तिला भीमेपलीकडे पेशव्यांचे सैन्य दिसले. दुसरा बाजीराव नदीपारच्या उंचवट्यावरून लढाई पाहत होता. कंपनीच्या त्या पायदळात महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. स्तंभावर त्यांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि त्या दगडाचा अर्थ नव्याने वाचला गेला. २०१८ साली, दोनशेव्या वर्षदिनी, येथे हिंसाचार झाला. एकाच जागेकडे निरनिराळ्या उंचवट्यांवरून पाहणारे लोक असतात, हे आम्हांला येथे तबकडीचा बाण आखताना प्रथमच जाणवले. फ्रेंच तबकडीवर डोंगराची उंची लिहिली की भागते. येथे तेवढ्याने भागणार नाही. कोण कोठून पाहतो तेही कोरावे लागेल. स्थलवर्णन हे निरुपद्रवी लेखन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही जागा टाळू नये. (व्हियानी आर्सची वाट शोधत होते ते याच वर्षी, या लढाईनंतर महिना-दीड महिन्याने. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आम्हांला एकाची तारीख पाठ होती आणि दुसरीची नव्हती.)

ईशान्येला घोड नदीकाठी इनामगाव. लास्कोची चित्रगुहा पाहून आलेल्या, किंबहुना तिची प्रतिकृती पाहून आलेल्या (मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे), एका प्रवाशाचा लेख आम्ही आवडीने वाचला होता. इनामगावला गुहा नाही आणि चित्रेही नाहीत. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले: शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट, सातूचे पीक. मुले दगावली तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्यापासून पावले तोडत. मृताने घर सोडून जाऊ नये, असा त्यामागे हेतू असावा, असे अभ्यासक सुचवतात. नदीकाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला यांतले काही दिसत नाही. वस्तू पुण्याला संग्रहालयात आहेत आणि येथे माती आहे. म्हणूनच येथे लिहिणाऱ्याची परीक्षा होते. ढवळीकरांनी 'महाराष्ट्राची कुळकथा'मध्ये हा विषय सामान्य वाचकापर्यंत आणला, ते गद्य आम्ही प्रवासवर्णनकारांपुढे ठेवू इच्छितो. त्यात एकही सुस्कारा नाही.

उत्तरेकडचे बाण भराभर आखू. पाबळला मस्तानीची समाधी. तिची बाजू द. ग. गोडसे यांनी ज्या चिकाटीने मांडली ती पाहता तेथे जाऊन पुन्हा केवळ तिच्या लावण्याचे गोडवे गाणे लाजिरवाणे ठरावे. रांजणगावचा महागणपती सर्वांच्या परिचयाचा. त्यापलीकडे टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे शतकानुशतके फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसॉल्टमध्ये रांजण कोरले. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळे आहेत. या जागेला कोणी 'महाराष्ट्राचे ग्रँड कॅन्यन' म्हणतात, तेव्हा आम्हांला वाईट वाटते. गावाने दिलेले 'रांजणखळगे' हे नाव आकार सांगते, ते वापरातल्या भांड्याशी जोडते आणि कसे घडले याचीही सूचना देते. उसन्या नावात यांतले काय आहे?

शेवटचा बाण शिरूरवर, ज्याला जुने लोक घोडनदी म्हणतात. येथे कंपनी सरकारची छावणी होती, आणि येथल्या जुन्या दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. वॉलेस १८०३ मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली होता; १८०९ मध्ये तो शिरूरला वारला. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात, पुणे जिल्ह्याच्या खंडात, नोंद आहे की लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणतात. ब्राह्मण व मारवाडी वगळता शिरूर आणि आसपासच्या गावांतले हिंदू त्याच्या कबरीची पूजा करतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा तेथे नैवेद्य म्हणून आणून ठेवतात. गॅझेटियरकाराने हे टिंगल न करता, डोळे न विस्फारता, चार ओळींत लिहिले आहे. संतपद कसे मिळते, याविषयी आपल्या धर्मसभेची एक रीतसर प्रक्रिया आहे. आर्सच्या धर्मगुरूंना ते १९२५ मध्ये मिळाले. शिरूरच्या शेतकऱ्यांनी परदेशी, परधर्मी, शस्त्रधारी माणसाला कोणत्याही प्रक्रियेविना सत्पुरुष केले. त्याने त्यांचे काय भले केले होते? की अकाली, घरापासून दूर मेलेल्या माणसाविषयीची भीतीच हळूहळू श्रद्धा झाली? इनामगावच्या तोडलेल्या पावलांची आठवण आम्हांला येथे झाली, हे कबूल करतो. त्यापुढे अनुमान करण्याचा आमचा अधिकार नाही.

पण त्या चार ओळींतही एक उणीव आहे, आणि ती सरकारी कागदाची आहे. कबरीवरची अक्षरे इंग्रजी. ज्वारीचे पहिले कणीस घेऊन येणाऱ्याला ती वाचता येत नसणार. गॅझेटियरकाराला अक्षरे वाचता येत होती, आणि कणीस ठेवताना तो शेतकरी काय पुटपुटत होता ते त्याने विचारले नाही.